झेडबाई आणि जांभळी इमारत

आमच्या छापखान्यात त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. एरवी त्या झेडबाई. इंग्रजीतलं शेवटचं अक्षर त्यांच्या डोळ्यांना खपत नसे. 'ऑर्गनाइझ', 'मिनिमाइझ' असल्या शब्दांच्या शेपटीत झेड दिसला की त्यांचं लाल पेन त्यावरून असं काही फिरे की खालच्या पानावर वळ उठावा. झेडच्या जागी एस बसवून त्या समासात बारीक अक्षरात लिहीत, 'आपण रानटी नाही.' कुणासाठी लिहीत, देव जाणे. ती पानं बघणारी मी एकटीच होते.

मी चौदा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसून पानं लावली, म्हणजे मजकूर आणि चित्रं कॉम्प्युटरवर जागच्या जागी बसवली. मी पान लावायचं, त्यांनी तपासायचं, मी त्यांच्या लाल खुणा बघून दुरुस्त करायचं. खोलीच्या एका अंगाला काच होती. काचेपलीकडे छपाईची यंत्रं सुरू झाली की बाईंच्या कपातल्या चहावर तरंग उठत. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही उठत नसे.

इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं सगळ्या जगात एकसारखी नसतात, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. 'कलर'मध्ये काही देश यू घालतात, काही घालत नाहीत. 'सेंटर' लिहिताना कुणाचा आर पुढे, कुणाचा ई. 'टायर' कुणाचा वायने, कुणाचा आयने. आम्ही छापत असू यंत्रांची माहितीपुस्तकं, खोकी आणि लेबलं, आणि ती सगळीकडे जात. म्हणून प्रत्येक कामाच्या पाकिटावर लिहिलेलं असे, हे कुठल्या स्पेलिंगचं. बाईंनी जगाची वाटणी करून टाकली होती : यूवाले आणि बिनयूवाले. यूवाले म्हणजे घरंदाज माणसं. बिनयूवाल्यांचं काम आलं तर त्या ते अगदी चोख करत, एकेक यू वेचून काढत, पण चेहरा असा की कुणी त्यांच्याकडून सासरच्या घराला रंग लावून घेतोय.

त्यांना येत मात्र फार होतं, हे कबूल केलं पाहिजे. लांबीचं मीटर वेगळं लिहायचं आणि भिंतीवरचं विजेचं मीटर वेगळं, हे त्या झोपेतही सांगत. 'प्रोग्रॅम' नाचगाण्याचा असेल तर त्याला शेवटी एम-ई, कॉम्प्युटरचा असेल तर नाही, आणि हे यूवाल्यांच्या घरातही. एकदा गंधकाच्या पोत्यांचं लेबल आलं. बाईंनी 'सल्फर'मधला एफ खोडून पी-एच घातले. ग्राहकाच्या रसायनतज्ज्ञाने लेबल परत पाठवलं : जगभरच्या रसायनवाल्यांनी एकत्र बसून एफ ठरवलाय, तेव्हा एफच. पण त्याच मंडळींनी 'ॲल्युमिनियम'मध्ये यूवाल्यांचा जादा आय पहिल्या पसंतीचा ठेवलाय. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मला सांगितलं, की एफ त्यांचा, आय आपला, हा तह आहे, आणि तहात कुरकुर करायची नसते.

हा सगळा राग आला शाळेतून. त्यांच्या मुख्याध्यापिका स्पेलिंगच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत. शेवटच्या परीक्षेत बाईंनी निबंधात एक झेड लिहिला आणि एक मार्क गेला. त्या एका मार्काने त्या शाळेत दुसऱ्या आल्या. पहिली आलेली मुलगी पुढे परदेशी गेली, बिनयूवाल्यांच्या देशात, आणि तिथे ती जन्मभर सुखाने झेड लिहिते आहे. ही गोष्ट बाई मला दरवर्षी एकदा सांगत. दरवेळी त्यात ती मुलगी थोडी आणखी ढ होई.

घरीही लाल पेन स्वस्थ बसत नसे. बाईंच्या यजमानांचं टायरचं दुकान होतं. पाटी रंगवणाऱ्याने टायर आयने लिहिला, कारण खोक्यांवर तसाच होता. बाईंनी पाटी उतरवून वायने रंगवून घेतली. पुढे दुसऱ्या कंपनीचा माल आला, त्यांच्या माणसाने फुकट नवी पाटी लावून दिली, पुन्हा आयची. तीही उतरली. यजमान स्वभावाने थंड. त्यांचं म्हणणं एवढंच, की गिऱ्हाईक लंगडत्या गाडीतून येतं, ते पाटी वाचायला थांबत नाही. शेवटी त्यांनी पाटीवर नुसतं चाकाचं चित्र काढून घेतलं. बाईंना चित्रात काही खोडता आलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं. नातीचं गेलं नाही.

बाईंची मुलगी बिनयूवाल्यांच्या देशात राहते. तिची मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिने आजीला पत्र पाठवलं. वर मांजराचं चित्र, खाली इंग्रजीत एकच ओळ : माझा आवडता रंग राखाडी. मूळ ओळीत पाच शब्द होते, आणि बाईंच्या हिशेबाने त्यातले तीन चुकलेले. 'फेव्हरिट'मध्ये यू नाही, 'कलर'मध्ये यू नाही, 'ग्रे'मध्ये ईच्या जागी ए. बाईंनी लाल पेनाने तिन्ही दुरुस्त केले, खाली 'पुन्हा लिही' असं लिहिलं, आणि पत्र परतीच्या टपालाने पाठवून दिलं. मला हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, तेव्हा माझ्या घशात पोळी अडकली. मी विचारलं, मांजराबद्दल काय लिहिलंत? त्या म्हणाल्या, मांजर ठीक होतं.

मुलीचा फोन आला. ती ओरडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "आई, तिच्या शाळेत हेच बरोबर आहे. तू एका पत्रात तिला, तिच्या बाईंना आणि मला, तिघींना नापास केलंस." बाईंनी विचारलं, की मग नापास झालात हे खोटं आहे का. त्यानंतर पत्र आलं नाही.

त्याच सुमाराला छापखान्यात धाकटे साहेब आले. थोरल्या साहेबांचे चिरंजीव. ते व्यवस्थापन शिकून आले होते, आणि शिकलेलं सगळं त्यांना एकाच आठवड्यात वापरायचं होतं. पहिल्याच आठवड्यात रंगाच्या यंत्राचं काम आलं. हे यंत्र रंगाच्या दुकानात असतं. दुकानदार बटणांवर शब्द टाइप करतो, यंत्र बंद डब्याच्या झाकणातल्या भोकातून हवा तो रंग आत सोडतं, डबा घुसळतं, आणि गिऱ्हाईक तो घेऊन जातं. त्याचं पुस्तक बिनयूचं होतं. कंपनीला आता यूवाल्या देशात यंत्रं विकायची होती, म्हणून तेच पुस्तक यूवाल्या स्पेलिंगने हवं होतं.

बाईंनी दोन आठवडे मागितले. धाकटे साहेब हसले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे. शोधा आणि बदला. शेवटी ओ-आर असेल तिथे ओ-यू-आर. टी-आय-आर-ई असेल तिथे आयचा वाय. आय-झेड-ई असेल तिथे झेडचा एस. मी जरा थांबले. ते म्हणाले, दाबा. मी दाबलं. पगार मला पानं लावायचा मिळत होता, शहाणपणाचा नव्हे.

बाईंनी प्रूफ हातात घेतलं आणि खुर्ची जरा मागे सरकवली, जेवायला बसताना सरकवतात तशी. मग दिवसभर त्या खोलीत पेनाचा कुरकुर आवाज येत राहिला. 'साइझ' शब्दातला झेड, जो दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या मानाने बसलेला, तोही हाकलला गेला होता. मोटरीला यू लागला होता. 'फॉर'च्या पोटात यू शिरून त्याचा चार आकडा झाला होता, म्हणून 'दुकानदारासाठी सूचना' हे 'दुकानदार चार सूचना' असं वाचलं जात होतं. 'किंवा' या अर्थाच्या दोन अक्षरी शब्दाचं 'आमचा' झालं होतं : लाल आमचा निळा, हवा तो निवडा. प्रस्तावनेत कंपनीचे संस्थापक रिटायर झाल्याचं होतं. त्या शब्दात वाय घुसल्यामुळे त्या सद्‌गृहस्थांना नवे टायर बसवले, असा अर्थ निघत होता.

बाईंनी चुका मोजल्या. सहाशे बारा. मग सगळ्यांना बोलावून, एकही शब्द न बोलता, पानं टेबलावर पसरली. पान लाल, समास लाल, धाकटे साहेबही लाल. त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "बाई, या पुस्तकात यापुढे तुमचा शब्द शेवटचा. कुणी मधे बोलायचं नाही." 'साइझ'मधले झेड बाईंनी स्वतःच्या हाताने परत बसवले. त्या वेळी मी दुसरीकडे बघितलं. काही दुःखं खाजगी असतात.

माझं मत विचाराल तर घात इथे झाला. माणसाला सहाशे बारा वेळा आपण बरोबर असल्याचं दिसलं की सहाशे तेराव्या वेळी तो बघत नाही.

पुस्तकाचं नववं प्रकरण होतं यंत्राला द्यायच्या आज्ञांचं. दुकानदाराने बटणांवर काय टाइप करायचं, ते शब्द वेगळ्या, जुन्या टाइपरायटरसारख्या अक्षरात छापलेले होते. 'कलर', मग रंगाचं नाव, मग 'सेंटर', मग 'इनिशिअलाइझ'. सगळे बिनयूचे, झेडसकट. बाईंनी तेही बदलले. मी म्हटलं, बाई, ही अक्षरं मुद्दाम वेगळी ठेवली असतील, कंपनीला एकदा विचारून घेऊ का. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अगं, कपडे बदलले म्हणून माणूस बदलतो का? टाइप बदलला म्हणून स्पेलिंग बदलेल?"

शेवटचा शब्द त्यांचा होता. कुणी मधे बोलायचं नव्हतं. मी बदललं. चार हजार प्रती छापल्या आणि गेल्या.

दीड महिन्याने कंपनीकडून एक छायाचित्र आलं. त्यात एक जांभळी इमारत होती.

झालं होतं ते असं. यूवाल्या देशातल्या दुकानदारांनी पुस्तकात बघून आज्ञा टाइप केल्या, यूसकट. यंत्राला तो शब्द माहीतच नव्हता. पण ते बंदही पडेना, कारण त्याची रचना अशी, की शब्द कळला नाही तर आधी केलेलं काम पुन्हा करायचं. आणि नव्या कोऱ्या यंत्राने आधी केलेलं काम एकच होतं : कारखान्यात चाचणीसाठी घातलेला भडक जांभळा. डबा बंद, वरून लेबल बरोबर. बऱ्याच दुकानदारांनी झाकण उघडून बघितलं आणि फोन केले. पण एका विमा कचेरीच्या इमारतीला राखाडी रंग द्यायचा होता, आणि तिथला रंगारी आज्ञाधारक निघाला. त्याने डबा उघडला, आत जांभळा दिसला, लेबलवर राखाडी वाचलं, आणि लेबल मोठ्या माणसांनी लावलेलं असल्यामुळे अडीच मजले रंगवून मोकळा झाला. कचेरीतल्या कुणी त्याला हटकलं नाही. प्रत्येकाला वाटलं, ठरवणाऱ्यांनी ठरवलं असेल.

कंपनीने आपली इंजिनिअर पाठवली. तिशीतली बाई, हळू बोलणारी, हातात पुस्तकाची एक प्रत. बैठक धाकट्या साहेबांच्या खोलीत झाली. साहेबांनी आधी सांगितलं की छपाई उत्तम आहे. मग सांगितलं की बांधणीही उत्तम आहे. मग, ते स्वतः त्या आठवड्यात बाहेरगावी होते. इंजिनिअरने ते सगळं ऐकून घेतलं, नववं प्रकरण उघडलं आणि पुस्तक बाईंच्या पुढे सरकवलं.

"बाई, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण हे इंग्रजी नाही. हे बटण आहे, फक्त अक्षरांचं केलेलं."

"मग ते चुकीच्या स्पेलिंगचं बटण आहे," बाई म्हणाल्या.

इंजिनिअर चिडली नाही. तिने सांगितलं, की यंत्राची आज्ञावली लिहिणारा माणूस खुद्द यूवाल्या देशातलाच आहे. घरी आईला पत्र लिहितो तेव्हा यू घालतो, यंत्राला लिहितो तेव्हा काढतो. यंत्रांची भाषा पहिल्यांदा ज्यांनी बसवली ते बिनयूवाले होते, तेव्हापासून सगळे तसंच लिहितात. बाईंनी विचारलं, त्याला लाज नाही वाटत? ती म्हणाली, "त्याला यंत्र चालायला हवं असतं."

मग जाता जाता, अगदी साधेपणाने, तिने विचारलं की यूवाल्या देशातला सगळ्यात जाडजूड शब्दकोश तर 'ऑर्गनाइझ' झेडनेच लिहितो ना. खोलीत कुणाला काही कळलं नाही. मी बाईंकडे बघितलं. बाई टेबलाकडे बघत होत्या.

पण बैठक तिथे संपली नाही. इंजिनिअरने पुस्तक मागून उघडलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आपल्या भाषेतली चार पानं असतात, इथे यंत्र जोडणाऱ्या आणि चालवणाऱ्या कामगारांसाठी. तिने त्यातली एक ओळ मोठ्याने वाचली :

"यंत्र थांबवायचे असल्यास लाल बटण दाबून मरा."

तिने पुन्हा वाचली. 'धरा' हवं होतं. धच्या जागी म पडला होता. पुढच्या पानावर 'विद्युत' तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं, आणि 'सावधान'मधला एक काना गळाल्यामुळे वाचणाऱ्याला कशापासून सांभाळायचं हेच कळत नव्हतं. जुन्या प्रती काढून बघितल्या. अकरा वर्षं, या कंपनीच्या नऊ यंत्रांच्या पुस्तकांत, आम्ही माणसांना बटण दाबून मरायला सांगत होतो. तेवढी चार पानं एका पुस्तकातून दुसऱ्यात उचलून लावायची पद्धत होती. लावणारी मी. तेव्हा मीही त्या दिवशी कुठे बघावं या विवंचनेत होते.

धाकटे साहेब हसले. म्हणाले, ती पानं वाचतंय कोण.

"जो यंत्रात हात घालतो तो," इंजिनिअर म्हणाली. "तो दुसरं काहीच वाचत नाही."

साहेबांनी विचारलं, ही पानं तपासायचं काम कुणाचं. तपासून पाहता ते कुणाचंच नव्हतं. आपली भाषा काय, सगळ्यांना येतेच, असं थोरल्या साहेबांनी फार पूर्वी ठरवलं होतं. त्यामुळे ती कुणाला येते का, हे कुणी बघितलं नव्हतं. यू कुठे हवा यावर तासभर झालेली बैठक, मरा की धरा यावर तीन मिनिटांत आटोपली.

संध्याकाळी बाई आणि मी बसच्या थांब्याकडे चालत होतो. मी विचारलं, शब्दकोशाचं खरं आहे का. त्या म्हणाल्या, "मला एकवीस वर्षं माहीत आहे."

मी थांबलेच.

"घरी तो शब्दकोश आहे. कपाटावर. एकदा काहीतरी बघायला उघडला आणि दिसलं. मुख्याध्यापिकाबाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की शब्दकोशालाही चुका होतात." मग जरा वेळाने, "तोवर दहा वर्षांचे झेड कापून झाले होते. काय करणार होते? परत लावत बसू?"

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. बाईंनाही थोडं आलं असावं, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं.

शिक्षा व्हायची ती झाली. धाकट्या साहेबांनी बाईंकडून इंग्रजी काढून घेतलं आणि तपासणीचा एक प्रोग्रॅम आणला. त्याला चूक दिसली की तो शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. तो बिनयूवाल्यांचा निघाला, त्यामुळे यूवाल्यांचं पुस्तक उघडलं की पानभर साप वळवळतात. साहेब म्हणतात, दुर्लक्ष करा. मग तो कशासाठी आणला हे विचारायची सोय नाही. बाईंना खाली मान घालायला लावण्यासाठी साहेबांनी त्यांना आपल्या भाषेची चार पानं दिली. हे सांगताना त्यांचा आवाज असा होता, की जणू बाईंना झाडू दिला.

बाईंनी पहिलं प्रूफ घेतलं, लाल पेनाचं टोपण काढलं आणि थांबल्या. अर्ध्या तासाने मला हळूच विचारलं, "अगं, 'पूर्ण'मधला पू कुठला?" मी म्हटलं, दीर्घ असावा. त्या म्हणाल्या, असावा म्हणजे? मला खात्री नव्हती. त्यांनाही नव्हती. जी बाई दोन मीटरांमधला फरक झोपेत सांगे, तिला स्वतःच्या भाषेतल्या 'ऊन'मधला ऊ ऱ्हस्व की दीर्घ हे सांगता येईना. त्यांचा चेहरा तेव्हा जसा पडला, तसा जांभळी इमारत बघूनही पडला नव्हता.

मग सत्तावन्नाव्या वर्षी बाई शुद्धलेखनाचं पुस्तक घेऊन आल्या. डबा खाताना नियम पाठ करत. अर्ध्या तासात चार वेळा चिडत : हा नियम आणि लगेच त्याला अपवाद, ही काय भाषा आहे का. मी म्हणे, तुमच्या इंग्रजीत काय होतं. त्यावर त्या पान उलटत. एक झालं, समासातलं 'आपण रानटी नाही' बंद झालं.

घरी यजमानांनी एक दिवस त्यांच्या हातात फोन दिला. म्हणाले, "फोनवर बोल तिच्याशी. फोनवर स्पेलिंग ऐकू येत नाही." बाईंनी नातीला मांजराबद्दल विचारलं. मांजर खरं होतं, शेजाऱ्यांचं, आणि एका कानाने बहिरं. पंचवीस मिनिटं बोलणं झालं. त्यात नातीने रंग सांगितला, ग्रे. बाई मला म्हणाल्या, मी कान देऊन ऐकलं गं, ए होता की ई काही कळलं नाही. आता दर रविवारी फोन असतो. नात अजून पत्र लिहीत नाही. बाईंनी मागितलेलंही नाही. पत्र आलं तर आपल्या हाताचा भरवसा नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

नवी चार पानं बाईंनी तीन वेळा लिहून काढली. दाबून धरा, सोडू नका, आधी वीज बंद करा. सगळं ऱ्हस्वदीर्घासकट. इंजिनिअरने ती सगळ्या नऊ यंत्रांना लावायला सांगितली. काही महिन्यांनी छापखान्यात एक पोस्टकार्ड आलं. कुठल्याशा कारखान्यातल्या जोडणी कामगाराने लिहिलं होतं. तुमच्या पुस्तकात तिसऱ्या पानावर झाकणाचा स्क्रू उजवीकडे फिरवून काढा असं लिहिलंय. तो डावीकडे फिरवला तर निघतो. बाकी भाषा फार शुद्ध आहे.

बाईंनी ते कार्ड दोनदा वाचलं. त्यात दोन वेलांट्या चुकल्या होत्या. पेन त्यांच्या हातात होतं, मी बघत होते. त्यांनी कार्डाला हात लावला नाही. दुपारी अर्धी रजा टाकली आणि मला बरोबर घेऊन कंपनीच्या कारखान्यात गेल्या. इंजिनिअरने यंत्र दाखवलं. बाईंनी चष्मा वर सारला, पेचकस मागून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा एका यंत्राच्या झाकणाचा स्क्रू फिरवला. उजवीकडे. हलला नाही. मग डावीकडे.

आता नवीन पुस्तक आलं की बाई आधी यंत्र बघायला मागतात. धाकटे साहेब म्हणतात, हा वेळेचा अपव्यय आहे. बाई म्हणतात, असेल, पण तसं लेखी द्या. साहेबांनी अजून दिलेलं नाही. 'अपव्यय' कसा लिहायचा, हे ते त्यांच्या प्रोग्रॅमला विचारत असतील, आणि तो शब्द त्याला येत नाही.